शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपण वाहिन्या : नेहमीच्या विजेचे नियम जेथे अपुरे पडतात

रायपूर : येथील समता कॉलनीत काय किंवा देशातील अन्य कोणत्याही शहरी वसाहतीत काय, ११ किलोव्होल्टच्या वीजवाहिनीपासून दूर राहावे हे लहान मुलालाही ठाऊक असते. विजेविषयीचे आणखी काही ठोकताळे घराघरांत रुजलेले आहेत. एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही. घरातील विजेचे काम करताना पायात रबरी चप्पल असावी. वाहिनी बंद करून तिला अर्थिंग दिले की ती निर्जीव होते. ५० हर्ट्झ वारंवारतेच्या नेहमीच्या विजेपुरते हे ठोकताळे बहुतांशी खरे आहेत. तथापि शक्तिशाली नभोवाणी केंद्राच्या आवारात, प्रक्षेपकापासून अँटेनापर्यंत खांबांवरून नेलेल्या तारांना ते लागू पडत नाहीत. त्या तारांवरील विद्युतदाब वसाहतीतील वाहिनीच्याच पंक्तीतला असतो. त्यांची वारंवारता मात्र काही लाख पटींनी अधिक असते, आणि केवळ या एका फरकामुळे धोक्याचे सारे स्वरूप पालटते.

भारतात लघुलहरी प्रसारणाचा विस्तार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तरीही देशांतर्गत दुर्गम भागांसाठी आणि परदेशातील श्रोत्यांसाठी उभारलेल्या या यंत्रणांच्या आवारात तंत्रज्ञ, कंत्राटी मजूर, गवत कापणारे आणि रंगकाम करणारे कामगार आजही जातात. आवाराबाहेर वस्ती वाढते आहे. त्यामुळे या वाहिन्यांचा धोका नेमका कशात आहे, हे अभियंत्यांइतकेच सामान्य नागरिकांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

मुंबईपासून रायपूरपर्यंत

मराठी भाषकांचा नभोवाणीशी संबंध जवळजवळ एका शतकाचा आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या मध्यमलहरी प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती. पुढे डिसेंबर १९३७ मध्ये दिल्लीत आणि ४ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईत लघुलहरी प्रसारण सुरू झाले. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर अंतर कापतात. त्यामुळे मोजक्या केंद्रांतून विशाल देशापर्यंत पोहोचण्याचा तो व्यवहार्य मार्ग ठरला. गोवा मुक्तिसंग्रामात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात सीमेलगतच्या जंगलातून चालविलेले गुप्त केंद्रही लघुलहरींचेच होते.

स्वातंत्र्यानंतर प्रक्षेपकांची शक्ती झपाट्याने वाढत गेली. अलीगढ आणि पणजी येथे २५० किलोवॉटचे, तर बंगळूर येथे ५०० किलोवॉटचे लघुलहरी प्रक्षेपक बसविण्यात आले. मध्यमलहरींच्या क्षेत्रात नागपूरने १,००० किलोवॉटचा पल्ला गाठला. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहिनीचे प्रसारण १,५६६ किलोहर्ट्झवर तेथूनच होत असे. रायपूरचे आकाशवाणी केंद्र १९६३ सालचे आहे. ९८१ किलोहर्ट्झवरील त्याच्या मध्यमलहरी प्रसारणाची शक्ती १०० किलोवॉट राहिली आहे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्यांना हे केंद्र परिचित आहे.

या आकड्यांची तुलना शेजारच्या इमारतीवरील मोबाइल मनोऱ्याशी करून पाहता येईल. तेथील एका प्रक्षेपकाची शक्ती साधारणपणे काही दशक वॉट असते. ती २० वॉट धरली, तर ५०० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक तिच्या २५ हजार पट शक्ती एका तारजोडीतून अँटेनाकडे पाठवितो. नागरिकांची चिंता बहुधा मनोऱ्याभोवती केंद्रित असते. प्रत्यक्ष इजेचा धोका मात्र कित्येक पटींनी अधिक असतो तो या तारजोडीजवळ.

दाब तोच, वर्तन निराळे

लघुलहरी केंद्रात एकाच इमारतीत अनेक प्रक्षेपक असतात आणि निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या अँटेना विस्तीर्ण मैदानात पसरलेल्या असतात. त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या शेकडो मीटर लांब असू शकतात. यासाठी अनेक ठिकाणी तांब्याच्या उघड्या तारांची संतुलित वाहिनी वापरली जाते. तिच्या दोन्ही बाजूंच्या तारांतून समान परंतु विरुद्ध दिशेचा प्रवाह वाहतो. त्यामुळे दोहोंचे क्षेत्र दूरवर परस्परांना जवळजवळ रद्द करते आणि शक्ती वाटेत विखुरत नाही. तारांच्या अगदी जवळ मात्र क्षेत्र तीव्रच राहते.

अशा वाहिनीचा वैशिष्ट्यपूर्ण रोध साधारण ३०० ओहम धरला जातो. त्यावरून दाबाचा हिशेब सहज मांडता येतो. ५०० किलोवॉट शक्ती ३०० ओहमच्या वाहिनीतून जाताना दोन्ही बाजूंच्या तारांमधील दाब सुमारे १२.२ किलोव्होल्ट आणि प्रवाह सुमारे ४१ अँपिअर असतो. ही परिणामी मूल्ये झाली. दाबाचे शिखर सुमारे १७ किलोव्होल्टपर्यंत जाते. आयाम-अधिमिश्रणाच्या प्रसारणात निवेदकाच्या आवाजाच्या किंवा संगीताच्या सर्वोच्च क्षणी हे शिखर दुप्पट, म्हणजे सुमारे ३५ किलोव्होल्ट होते.

वाहिनी आणि अँटेना यांचा मेळ बिघडला तर परिस्थिती आणखी विकट होते. अँटेनाकडे गेलेल्या शक्तीचा काही भाग परत फिरतो. जाणारी आणि येणारी लहर मिळून वाहिनीवर स्थिर तरंग तयार होतात. काही ठिकाणी दाब वाढतो, काही ठिकाणी तो घटून प्रवाह वाढतो. स्थिर तरंगांचे गुणोत्तर २ झाले, तर तेवढीच शक्ती पोहोचविताना सर्वोच्च दाब सुमारे १.४ पट होतो, म्हणजे वरील उदाहरणात ४९ किलोव्होल्टच्या आसपास जातो. कोरड्या हवेचा रोध मोडण्यास एका सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट पुरतात. तारेच्या टोकदार भागाजवळ, मळलेल्या किंवा दवाने भिजलेल्या इन्सुलेटरवर ही मर्यादा त्याआधीच ओलांडली जाते.

दाबाची ही उंच-सखल ठिकाणे एकमेकांपासून पाव तरंगलांबीच्या अंतरावर असतात. १५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २० मीटर असते, म्हणजे केवळ ५ मीटरवर वाहिनीचे स्वरूप पालटते. शिवाय लघुलहरी केंद्र दिवसभर एकाच वारंवारतेवर राहत नाही. आयनांबराची स्थिती सूर्यप्रकाशानुसार बदलत असल्याने दिवसा आणि रात्री निरनिराळे पट्टे वापरावे लागतात. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, आंतरराष्ट्रीय वेळापत्रक बदलते. वारंवारता बदलली की दाबाची शिखरेही जागा बदलतात. काल ज्या ठिकाणी हात लागून काही झाले नाही, तेच ठिकाण आज प्राणघातक असू शकते. म्हणून अनुभवाचा आधार येथे घेऊ नये.

चप्पल, पक्षी आणि अर्थिंग

नेहमीच्या विजेचे तीन ठोकताळे येथे का अपुरे पडतात, हे क्रमाने पाहू.

पहिला ठोकताळा रबरी तळव्याचा. जमिनीवर उभा असलेला माणूस आणि जमीन यांच्यामध्ये चपलेचा तळवा असला, तरी दोन्ही मिळून एक छोटे विद्युतधारित्र बनते. त्याची धारिता साधारण १०० पिकोफॅरड धरता येईल. ५० हर्ट्झच्या विजेला या धारित्राचा अडथळा सुमारे ३ कोटी २० लाख ओहम असतो. म्हणूनच चप्पल उपयोगी पडते. १५ मेगाहर्ट्झला तोच अडथळा केवळ १०६ ओहम उरतो. चप्पल तीच, माणूस तोच. वारंवारता ३ लाख पट झाली म्हणून अडथळा ३ लाख पटीने घटला. ९८१ किलोहर्ट्झच्या मध्यमलहरींनाही हा अडथळा जेमतेम १,६०० ओहमच असतो. रबरी हातमोजे, लाकडी शिडी आणि प्लास्टिकचे आवरण यांवरील भरवसाही याच कारणाने कमकुवत ठरतो.

दुसरा ठोकताळा पक्ष्याचा. वीजवाहिनीच्या एका तारेवर बसलेल्या पक्ष्याच्या शरीरातून जवळजवळ प्रवाह वाहत नाही, कारण मंडल पूर्ण होत नाही. रेडिओ वारंवारतेला मंडल पूर्ण होण्यासाठी दुसऱ्या तारेला किंवा जमिनीला स्पर्श व्हावाच लागत नाही. शरीर आणि परिसर यांच्यातील हवेतील धारिताच पुरेशी ठरते. माणसाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की एकाच तारेला झालेला स्पर्शही घातक असतो. प्रत्यक्ष स्पर्श होण्याआधीच बोट आणि तार यांच्यामध्ये ठिणगी उडते.

तिसरा ठोकताळा अर्थिंगचा आहे आणि अनुभवी वीज कर्मचाऱ्यालाही तोच सर्वाधिक फसवितो. नेहमीच्या विजेत तांब्याची जाड तार जमिनीतल्या पट्टीला जोडली की ते टोक शून्य दाबावर आले असे मानले जाते. तार ५ मीटर लांब आहे की १० मीटर, याने फारसे बिघडत नाही. १५ मेगाहर्ट्झला मात्र ५ मीटर म्हणजे बरोबर पाव तरंगलांबी. पाव तरंगलांबीच्या तारेचे एक टोक जमिनीला पक्के जोडले, तर दुसरे टोक त्या वारंवारतेला जमिनीपासून तुटल्यासारखे वागते. कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर अर्थिंगची तार जोडलेली असते आणि तरीही त्याचा हात ज्या टोकावर आहे तेथे दाब शिल्लक असतो. म्हणून रेडिओ वाहिनीचे अर्थिंग कामाच्या अगदी जवळ, शक्य तितक्या आखूड आणि रुंद पट्टीने करावे लागते. रुंद पट्टीचे कारण असे की या वारंवारतेला प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. १५ मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम ०.०१७ मिलिमीटर खोलीपर्यंत पोहोचतो.

'बंद' या शब्दाचा अर्थही येथे काळजीपूर्वक घ्यावा लागतो. एका मैदानात अनेक वाहिन्या समांतर जातात. त्यांपैकी एक प्रक्षेपकापासून पूर्णपणे सोडवली, तरी शेजारच्या चालू वाहिनीचे आणि अँटेनाचे क्षेत्र तिच्यात प्रवाह प्रवर्तित करते. प्रक्षेपक कक्षातील फलकावर ती वाहिनी बंद दिसते आणि मैदानावर ती भाजते. दुरुस्तीच्या कामात म्हणूनच आपली वाहिनी बंद आहे एवढी माहिती अपुरी असते. शेजारी काय चालू आहे हेही विचारावे लागते.

न विझणारी ज्योत

इन्सुलेटर फुटला, तार ढिली होऊन दुसरीजवळ आली, झाडाची फांदी वाऱ्याने टेकली किंवा एखादा पक्षी दोन तारांच्या मध्ये सापडला, तर प्रथम ठिणगी आणि मग ज्योत निर्माण होते. ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या प्रत्येक क्षणी ज्योतीला विझण्याची संधी मिळते. रेडिओ वारंवारतेत दोन शून्यांमधील अवधी सेकंदाच्या कोट्यंशाइतका लहान असतो. तेवढ्यात तप्त, आयनीभूत हवा थंड होत नाही. परिणामी ज्योतीला कारणीभूत ठरलेली फांदी जळून गेल्यावरही ज्योत कायम राहते, उष्णतेने वर चढते, वाऱ्याने वाहिनीवरून सरकते आणि वाटेतील तारा व इन्सुलेटर वितळवीत जाते.

या ज्योतीचे एक विलक्षण वैशिष्ट्य जगभरातील प्रक्षेपण अभियंत्यांच्या परिचयाचे आहे. आयाम-अधिमिश्रणात शक्ती आवाजाबरोबर कमी-अधिक होते. तिच्याबरोबर ज्योतीची उष्णता आणि तिच्याभोवतीच्या हवेचा दाबही कमी-अधिक होतो. त्यामुळे ज्योतीतून चालू कार्यक्रम ऐकू येतो. मैदानातल्या खांबावरून बातम्या किंवा गाणे ऐकू येऊ लागले तर तो चमत्कार नसून बिघाडाची निश्चित खूण असते. अशा वेळी जवळ जाऊन पाहणे हा सर्वांत घातक उपाय ठरतो.

यावर उपाय म्हणून प्रक्षेपकात परावर्तित शक्तीवर लक्ष ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा बसविलेली असते. परावर्तन एका मर्यादेपलीकडे गेले की ती क्षणार्धात प्रक्षेपण खंडित करते आणि ज्योत विझण्यास अवसर देऊन ते पुन्हा सुरू करते. ही यंत्रणा वारंवार कार्यान्वित होत असेल, तर तिची संवेदनशीलता घटवून प्रसारण रेटून नेण्याचा मोह आवरणे हे कर्तव्यावरील अभियंत्याचे महत्त्वाचे काम असते.

धक्का नाही, पण भाजणे खोल

घरातील विजेचा धक्का स्नायू आणि चेताींना लगेच जाणवतो. सुमारे १०० किलोहर्ट्झच्या वर चेता अशा धक्क्याला प्रतिसाद देईनाशा होतात. प्रवाहाचा परिणाम मुख्यतः उष्णतेच्या रूपाने होतो. धक्का न बसणे हा येथे दिलासा नसून धोका आहे, कारण शरीराला सावध करणारी पहिली सूचनाच नाहीशी होते. स्पर्शाच्या ठिकाणी त्वचेवर लहानसा पांढरा किंवा काळा डाग उमटतो, परंतु प्रवाह त्या बिंदूतून आत शिरून खोलवरच्या ऊती तापवितो. वरून किरकोळ दिसणारी जखम आत बरीच मोठी असू शकते आणि ती भरून येण्यास वेळ लागतो.

उंचावर काम करणाऱ्यासाठी आणखी एक धोका संभवतो. अनपेक्षित चटका बसताच हात झटकला जातो, तोल जातो आणि किरकोळ भाजण्याचे रूपांतर जीवघेण्या पडण्यात होते. खांबावर किंवा मनोऱ्यावर चढलेल्या कामगाराचा सुरक्षा पट्टा म्हणूनच भाजण्यापासूनच्या संरक्षणाचाही भाग ठरतो.

स्पर्शाविनाही शरीर तीव्र क्षेत्रात ऊर्जा शोषते. ही ऊर्जा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे वॉटमध्ये मोजतात. आयनविरहित किरणोत्सर्गाविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने संपूर्ण शरीरासाठी सरासरी मर्यादा कर्मचाऱ्यांकरिता ०.४ वॉट आणि सर्वसामान्य जनतेकरिता ०.०८ वॉट प्रति किलोग्रॅम ठेवली आहे. आयोगाच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १० ते ४०० मेगाहर्ट्झ या टप्प्यासाठी विद्युतक्षेत्राची संदर्भ पातळी कर्मचाऱ्यांकरिता ६१ आणि जनतेकरिता २८ व्होल्ट प्रति मीटर दिलेली आहे. धातूच्या वस्तूला स्पर्श झाल्यास वाहणाऱ्या प्रवाहाची पातळी अनुक्रमे ४० आणि २० मिलिअँपिअर आहे. डोळ्यांचे भिंग आणि पुरुषांची जननग्रंथी यांमध्ये उष्णता वाहून नेण्याची सोय कमी असल्याने त्या अवयवांची विशेष काळजी घ्यावी लागते. हृदयाचा पेसमेकर किंवा शरीरात धातूचे रोपण असलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याशिवाय अशा आवारात जाणे टाळावे.

कुंपण, क्रेन आणि खाणी

धोका तारांपाशीच थांबत नाही. प्रभावक्षेत्रातील कोणतीही लांब धातूची वस्तू अनाहूत अँटेना बनते. तारेचे कुंपण, पत्र्याचे छत, कपडे वाळत घालण्याची तार, सिंचनाची ॲल्युमिनिअमची नळी आणि विशेषतः बांधकामाची क्रेन ही त्याची उदाहरणे होत. क्रेनचा हात, लोंबणारी तार आणि जमीन मिळून एक मोठे वेटोळे तयार होते. त्याची लांबी तरंगलांबीशी जुळली तर आकड्यावर मोठा दाब येतो. खाली उभा असलेला मजूर ओझे अडकविण्यासाठी आकडा धरतो आणि भाजतो. क्रेन कोणत्याही वीजवाहिनीला टेकलेली नसते, त्यामुळे कारणही चटकन लक्षात येत नाही. मध्यमलहरी केंद्राजवळ हा प्रश्न अधिक जाणवतो, कारण ९८१ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३०६ मीटर आणि तिचा चतुर्थांश ७६ मीटर, म्हणजे उंच क्रेनच्या मापाचा असतो. आकडा आणि दोरखंड यांच्यामध्ये विद्युतरोधक दुवा बसविणे, ओझ्यासाठी नायलॉनचे पट्टे वापरणे आणि केंद्राशी बोलून कामाच्या वेळी शक्ती कमी करून घेणे हे त्यावरील उपाय आहेत.

मध्यमलहरी केंद्रातील उंच मनोऱ्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो अँटेनाला आधार देणारा खांब आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात अनेक केंद्रांत तो मनोराच अँटेना असतो. तळाशी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असलेला तो संपूर्ण सांगाडा प्रक्षेपण चालू असताना जिवंत असतो. जमिनीवर उभे राहून त्याला हात लावणे म्हणजे प्रक्षेपकाच्या वाहिनीला हात लावणेच होय. तळाभोवतीचे कुंपण त्यासाठीच असते. चेंडू आत गेला किंवा जनावर आत शिरले तरी ते कुंपण ओलांडू नये.

पेट्रोलची वाफ आणि स्फोटके यांच्या बाबतीत लहानशी ठिणगीही पुरते. प्रभावक्षेत्रात धातूच्या डब्यातून इंधन ओतणे म्हणूनच टाळले जाते. छत्तीसगड हे कोळसा, लोहखनिज आणि चुनखडीच्या खाणींचे राज्य असल्याने आणखी एक बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. विद्युत डिटोनेटरच्या लांब तारा शक्तिशाली प्रक्षेपकाजवळ अँटेनासारख्या वागून अवेळी स्फोट घडवू शकतात. त्यामुळे प्रक्षेपकाची शक्ती आणि वारंवारता पाहून सुरक्षित अंतर ठरविण्याची किंवा विजेवर न चालणारे डिटोनेटर वापरण्याची पद्धत जगभर रूढ आहे.

वस्तीचे आरोग्य : माहीत काय, वादग्रस्त काय

प्रक्षेपण केंद्राजवळ राहणाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न या इजांपेक्षा वेगळा आहे आणि दोहोंची सरमिसळ करणे योग्य नाही. स्वित्झर्लंडमधील श्वार्झेनबुर्ग येथील लघुलहरी केंद्राजवळच्या रहिवाशांनी झोप न लागण्याच्या तक्रारी केल्या. तेथे झालेल्या संशोधनात केंद्राजवळ अशा तक्रारींचे प्रमाण अधिक आढळले, मात्र त्यामागील जैविक कारण निश्चित होऊ शकले नाही. ते केंद्र मार्च १९९८ मध्ये बंद झाले. रोमजवळील सांता मारिया दि गालेरिया येथील व्हॅटिकन रेडिओच्या केंद्रावरून इटलीत दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला. इटलीने अशा ठिकाणांसाठी ६ व्होल्ट प्रति मीटर इतकी, आंतरराष्ट्रीय पातळीपेक्षा बरीच कठोर मर्यादा स्वीकारली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ वारंवारतेच्या क्षेत्राचा समावेश '२ ब', म्हणजे कर्करोगास संभवतः कारणीभूत, या गटात केला. पुरावा मर्यादित असला तरी प्रश्न निकालात निघालेला नाही, असा या वर्गीकरणाचा आशय आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीच्या एकदशांश मर्यादा लागू केली. अंतर वाढते तसे क्षेत्र वेगाने घटते, त्यामुळे कुंपणापासून पुरेशा अंतरावरील घरात भाजण्याचा धोका उद्भवत नाही. शंका असल्यास अंदाजापेक्षा मोजणी श्रेयस्कर. क्षेत्रमापक यंत्राने ती थोड्या वेळात करता येते. जुन्या केंद्राभोवती वस्ती जवळ येत असताना बांधकाम परवानगीपूर्वीच अशी मोजणी होणे नंतरच्या वादापेक्षा सर्वांच्या हिताचे ठरते.

सुरक्षित कामाची शिस्त

वाहिनीवरील कोणत्याही कामाची सुरुवात मैदानात न होता प्रक्षेपक कक्षात होते. संबंधित प्रक्षेपक बंद करून त्याची किल्ली काढली जाते आणि ती काम करणाऱ्याच्याच ताब्यात राहते. ती परत येईपर्यंत प्रक्षेपक सुरू होऊ शकत नाही. किल्ली आणि दरवाजे यांची ही परस्परसंलग्न व्यवस्था कोणाच्याही स्मरणशक्तीवर अवलंबून नसते, हेच तिचे बळ आहे. दार उघडे ठेवण्यासाठी तिचा खटका दोरीने बांधून ठेवणे, ही सोय म्हणून केलेली गोष्ट पुढे अपघाताचे कारण होते.

त्यानंतर अँटेना जोडणारे खटके वाहिनीला प्रत्यक्ष तोडून दाखवीत आहेत याची डोळ्यांनी खात्री केली जाते. विद्युतरोधक दांड्याच्या आकड्याने वाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या तारा जमिनीला जोडल्या जातात. ही जोडणी कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना आणि आखूड पट्टीने केली जाते. शेजारच्या कोणत्या वाहिन्या चालू राहणार आहेत आणि कामाच्या वेळेत वारंवारता बदलणार आहे का, याची नोंद वहीत होते. क्षेत्रमापकाने मोजणी झाल्यावरच शिडी लावली जाते. काम करणारा एकटा नसतो; दुसरा कर्मचारी कक्षाशी संपर्क ठेवून खाली उभा असतो. कंत्राटी मजुरांना हे सारे त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय आवारात सोडू नये. रंगकाम किंवा गवत कापणे हे विजेचे काम नव्हे, म्हणून त्यांना सूचना देण्याची गरज नाही असे मानण्यात मोठी चूक आहे.

अपघात घडलाच तर प्रथम प्रक्षेपण बंद करावे. त्यापूर्वी जखमी व्यक्तीला ओढण्याचा प्रयत्न करू नये. ज्योतीवर किंवा चालू यंत्रणेवर पाणी मारू नये. शक्ती तोडल्यावर कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे. भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, त्यावर तेल, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. श्वास थांबला असल्यास हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन सुरू करून १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी. जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जावे आणि हे भाजणे रेडिओ वारंवारतेच्या प्रवाहाचे आहे, असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे खोलवरच्या इजेची तपासणी होईल.

बंद केंद्रेही निर्धोक नव्हेत

एफएम आणि इंटरनेटच्या विस्तारानंतर आकाशवाणीची अनेक लघुलहरी प्रक्षेपणे थांबली आहेत. मात्र प्रक्षेपण थांबल्याने आवार आपोआप सुरक्षित होत नाही. एका वाहिनीचे प्रसारण थांबले तरी त्याच मैदानातील दुसरे चालू असू शकते. जुन्या प्रक्षेपकांतील उच्च दाबाची धारित्रे वीज तोडल्यावरही भार धरून ठेवतात. काही जुन्या रोहित्रांत आणि धारित्रांत पीसीबी हे विषारी द्रव्य असलेले तेल, तर काही भागांत बेरिलिअम ऑक्साइडचे चिनी मातीसारखे तुकडे असतात. ते फोडल्यास त्यांची धूळ फुफ्फुसांना गंभीर अपाय करते. तांब्याच्या लोभाने तारा तोडणाऱ्यांना किंवा भंगार म्हणून यंत्रे उचलणाऱ्यांना याची कल्पना नसते. ताणलेली एक तार तुटली की खांबावरील समतोल बिघडून मनोराही कोसळू शकतो.

जुन्या यंत्रणेची नस ओळखणारे कर्मचारी सेवानिवृत्त होत असताना वाहिन्यांचे नकाशे, अर्थिंगच्या जागा आणि बदललेल्या जोडण्यांच्या नोंदी लेखी स्वरूपात पुढील पिढीकडे जाणे म्हणूनच गरजेचे आहे. यंत्र मोडीत काढण्याचे काम ज्याला दिले जाते, त्याच्या हाती या नोंदी त्या कामापूर्वी पडल्या पाहिजेत.

नागरिकांपुरते सांगायचे तर नियम थोडे आहेत. प्रक्षेपण केंद्राचे कुंपण ओलांडू नये. त्याच्या लगत क्रेन, लांब पाइप किंवा धातूची शिडी उभी करण्यापूर्वी केंद्राला कळवावे. कुंपणाच्या किंवा पत्र्याच्या स्पर्शाने चटका बसत असेल, ठिणगी दिसत असेल किंवा तारांतून आवाज येत असेल, तर जवळ न जाता केंद्राला अथवा पोलिसांना माहिती द्यावी. पतंग, मांजा किंवा चेंडू अडकला असल्यास तो तेथेच राहू द्यावा.